मुक्कामाची ऐट

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात वऱ्हाडात एक दिवस असा येतो, की भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. अकोल्यात तो थोडा आधी येतो, अमरावतीत एखाद-दुसऱ्या दिवसाने मागून. सूर्य ठीक माथ्यावर, पारा ४५ अंशांच्या आसपास आणि हवेत ओलाव्याचा मागमूस नाही. या दोन शहरांपैकी कुठेही दोन रात्री काढायच्या असतील आणि राहायची जागा नुसती सोयीची नव्हे तर देखणीही हवी असेल, तर हॉटेलांचे फोटो चाळण्याआधी हे आकाश समजून घ्यावं. इथल्या खोलीचं देखणेपण तिने उन्हाशी काय केलं यावर ठरतं, असं मला मनापासून वाटतं.

सूर्य माथ्यावरून जातो तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. तापतं ते छत. सकाळी पूर्वेची भिंत तापते, पण रात्रभरात हवा जरा निवलेली असते म्हणून ते निभतं. खरी भाजते ती पश्चिमेची भिंत. तिच्यावर तिरपं ऊन येतं तेव्हा हवा आधीच रखरखीत झालेली असते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि अंधार पडल्यावर ती खोलीत सोडू लागतो. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली, जी ‘इथून सगळं शहर दिसतं’ म्हणून चार पैसे जास्त घेऊन दिली जाते, ती उन्हाळ्यात वऱ्हाडातली सर्वांत वाईट खोली. डिसेंबरात हिशेब बदलतो. सूर्य दक्षिणेला खाली उतरतो, पहाटे चांगलीच थंडी पडते आणि दक्षिणेच्या खिडकीतून आलेलं ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत पोचतं. त्या उन्हात बसून पहिला चहा घेणं हे एक सुख आहे. तेव्हा खोली घेताना पहिला प्रश्न दिशेचा. काउंटरवरच्या माणसाला चटकन उत्तर देता आलं, तर त्या जागेचा मालक आपल्या इमारतीत राहून बघतो असं समजायला हरकत नाही.

महामार्गाच्या कडेला हल्ली पूर्ण दर्शनी भागाला काच लावलेल्या इमारती उभ्या राहतात. बाहेरून त्या झगमगतात. पण काचेचं हे वेड मुळात उजेड कमी असलेल्या थंड मुलखांचं आहे. तिथे आलेला प्रत्येक किरण घरात घ्यावासा वाटतो. इथे त्याच काचेमागे जाड पडदे दिवसभर ओढून ठेवावे लागतात, आत दिवे लावावे लागतात आणि यंत्र अखंड चालवावं लागतं. बाहेरचा लखलखाट आणि आतला कोंदटपणा यांचं नातं जुळत नाही. मला अशा जागेत ऐट दिसत नाही.

ऐट पाहायची असेल तर सरकारी विश्रामगृहांच्या जुन्या इमारती पाहाव्यात. अमरावतीचा कॅम्प, अकोल्याची सिव्हिल लाइन, चिखलदरा, मेळघाटातली वनविभागाची विश्रामगृहं, अशा ठिकाणी जुनी बांधणी जिथे शिल्लक आहे, तिथे एक ठरलेली रचना भेटते. जमिनीपासून उचललेलं दगडी जोतं. त्यावर तीन किंवा चारही बाजूंनी फिरणारा रुंद व्हरांडा. उतरत्या कौलांचं छत इतकं खाली आणलेलं, की ऊन व्हरांड्याच्या कडेलाच अडतं. मग जाड भिंत, मग खोली. खोलीचं छत उंच आणि भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके, म्हणजे तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते. दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी. बांधणाऱ्यांनी सौंदर्याचा वेगळा विचार फारसा केला नसावा. त्यांना दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला दुपार काढता यावी एवढंच हवं होतं. पण त्या गरजेतून जे घडलं ते अतिशय सुरेख आहे.

हे सुख नीट समजायला बाहेरून आत चालत जावं लागतं. अंगणातलं ऊन डोळे दिपवतं. जोत्याच्या पायऱ्या चढून व्हरांड्यात आलं की उजेड अर्धा होतो. डोळे सैल पडतात, कपाळावरची आठी जाते. तिथे थोडं थांबावं, पाणी प्यावं. मग खोलीचं दार उघडावं. आत उजेड आणखी एक पायरी उतरतो, फरशीचा गारवा तळपायांना कळतो. ख्यालगायक मध्य सप्तकातून एकेक सूर घेत मंद्रात उतरतो, तसं हे उतरणं आहे. मधली एकही पायरी गाळून चालत नाही. काचेचं दार ढकललं की भट्टीतून थेट गोठवणाऱ्या थंडीत नेणाऱ्या जागा ही मधली पायरीच खाऊन टाकतात, आणि शरीराला तो धक्का सोसावा लागतो. म्हणून नव्या हॉटेलातही मी आधी मधली जागा शोधतो. पोर्च किती खोल आहे? प्रवेशाशी झाड आहे का? खोलीला गॅलरी आहे का, आणि तिच्यावर छज्जा आहे का? ज्या नव्या वास्तुरचनाकारांनी ही पायरी राखली त्यांचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं.

वाळ्याच्या ताट्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. दारा-खिडक्यांत वाळ्याची ताटी बसवायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं आणि बाहेरच्या झळांनाच गार व्हायला लावायचं, ही जुनी युक्ती. पाण्याची वाफ होताना उष्णता खर्ची पडते आणि हवा जितकी कोरडी तितकं हे काम जोमाने चालतं. वऱ्हाडात घरोघरी दिसणारा कूलर हे त्याच ताटीचं यंत्ररूप. कोकणात किंवा मुंबईत तो निरुपयोगी, कारण तिथली हवा आधीच ओली; इथे मे महिन्यात तो राजा आणि पावसाळा लागला की अडगळ. अमरावतीतल्या एखाद्या चांगल्या हॉटेलाने एसीच्या जोडीला वाळ्याचा कूलर ठेवला तर त्याला मी मागासलेपणा म्हणणार नाही. पहिलं पाणी पडताच खोलीभर जो वास पसरतो, तो महागड्या सुगंधी फवाऱ्यात मिळत नाही.

अमरावती पाहुण्यांना सांभाळायला फार पूर्वी शिकली. जुन्या शहराभोवतीचा दगडी परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ साली बांधायला घेतला तो पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून. वीस ते सव्वीस फूट उंचीची ती भिंत, तिला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. पुढे कापसाने बाहेरचे व्यापारी आणले, दलाल आणले, रेल्वेचा फाटा बडनेऱ्याहून शहरात आला. राहायला जागा निवडताना परकोटापासून चालत जाता येईल असं ठिकाण घ्यावं, असं मी सांगेन. सकाळी अंबादेवीचं दर्शन, मग अंबागेटातून आत शिरून गल्ल्यांतून फिरणं, हे गाडीतून होत नाही. अकोल्यात हाच न्याय मोर्णेकाठच्या जुन्या शहराला आणि असदगडाला लावावा.

पण वऱ्हाडातल्या पाहुणचाराचा सर्वांत मोठा पाठ या दोन शहरांत नाही. तो अकोल्याहून रेल्वेने तासाभराच्या आत येणाऱ्या शेगावला आहे. श्री गजानन महाराज संस्थानची भक्तनिवासं ही काही हॉटेलं नव्हेत आणि तिथे कुणी ऐट शोधायला जात नाही. तरीही उत्तम मुक्काम म्हणजे काय हे ज्याला शिकायचं आहे, त्याने एक रात्र तिथे काढावी. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ला शेगावात प्रकट झाले, ८ सप्टेंबर १९१०ला समाधिस्थ झाले. संस्थान त्यांच्या हयातीतच १९०८ साली उभं राहिलं. आजचं त्याचं शिस्तीचं रूप घडवण्यात शिवशंकरभाऊ पाटलांचा वाटा फार मोठा. ४ ऑगस्ट २०२१ला ते गेले, पण त्यांनी लावलेली घडी मोडलेली नाही.

स्टेशनाबाहेर संस्थानची बस उभी असते. तिला तिकीट नाही. मंदिराच्या परिसरात पांढऱ्या कपड्यांतला सेवाधारी हात जोडून सामोरा येतो आणि ‘माऊली’ म्हणतो. श्रीमंताला माऊली, फाटक्याला माऊली, रांग मोडू पाहणाऱ्यालाही माऊलीच. त्याला रांगेत परत पाठवतानाही आवाज चढत नाही. हा सेवाधारी पगारी वेटर नाही. गावोगावचे शेतकरी, नोकरदार, व्यापारी आपापली पाळी लावून काही दिवस सेवेला येतात आणि परत घरी जातात. बक्षिसी देऊ केली तर घेत नाहीत. त्यामुळे पाहुणा आणि वाढपी यांच्यामध्ये जो पैशाचा पडदा असतो तो इथे नसतो, आणि त्या एका गोष्टीने सगळ्या जागेचा स्वर बदलतो.

खोली साधी असते. भिंतीवर सजावट नाही, पलंगावर उशांचे डोंगर नाहीत. पण फरशीवर हात फिरवावा. जिन्याचे कोपरे पाहावेत, जिथे थुंकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ते कोपरे स्वच्छ असतात. हजारोंची ये-जा असलेल्या ठिकाणी ही स्वच्छता टिकवणं हे काम किती अवघड आहे, हे ज्याने एखादं घर किंवा कार्यालय सांभाळलं आहे त्याला सांगायला नको. इथे प्रत्येक वस्तू ठेवण्यामागे काही विचार असतो आणि विचाराशिवाय ठेवलेली वस्तू सापडत नाही. एवढा संयम असलेलं हॉटेल मी तरी पाहिलेलं नाही. महाप्रसादाच्या पंगतीत ताटात जे वाढतात ते गरम असतं, पुरेसं असतं आणि वाढणारा घाईत नसतो. पाहुणचाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपली मुलं इथे सेवेला पाठवावीत असं मला फार वाटतं.

या साऱ्याच्या मागे आणखी एक वऱ्हाडी माणूस उभा आहे. शेगावशी त्यांचा थेट संबंध मी जोडत नाही, पण माती तीच. गाडगेबाबा. तारखांचा योग पाहा, त्यांचा जन्मही २३ फेब्रुवारीचाच, १८७६चा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात ते जन्मले, आजच्या अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले आणि १९०५ साली घर सोडून निघाले. पूर्णेकाठच्या ऋणमोचनपासून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीपर्यंत त्यांनी घाट बांधले, धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी उंबऱ्यात घेत नव्हतं त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि ती पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. आज दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या परगावच्या कुटुंबांना आसरा देते. इतक्या इमारती उभ्या करणारा हा माणूस स्वतः अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर मडक्याची खापरी घेऊन हिंडला. गावात शिरला की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तन. मुक्कामाच्या जागेचं पहिलं सौंदर्य झाडलेली जमीन, हे त्यांनी हाताने दाखवलं. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावतीत मुक्कामाला येणाऱ्याने गाडगेनगरातल्या समाधीवर जाऊन यावं. आपण ज्या झाडलेल्या खोलीत उतरतो, तिच्यामागे कुणाचे तरी हात असतात, हे तिथे उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

म्हणून नव्या हॉटेलात मी लॉबी पाहत नाही, जिना पाहतो. लॉबी सगळेच चमकवतात. जिन्याचा वळणाचा कोपरा, न्हाणीघरातल्या जाळीभोवतीची कड, चादरीची शिवण, पंख्याच्या पात्यांची वरची बाजू इथे मालकाची नजर पोचते की नाही ते कळतं. सकाळी साफसफाई करणाऱ्या बाईंशी तिथला व्यवस्थापक कसा बोलतो तेही कान देऊन ऐकावं. जो घरच्या माणसाला ‘या जी, बसा जी’ म्हणतो, त्याच्या तोंडी पाहुण्यासाठी तेच शब्द आले की खरे वाटतात.

न्याहारीचं टेबल ही शेवटची परीक्षा. वरूड-मोर्शीचे संत्र्याचे बाग शहरापासून फार लांब नाहीत. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. या महिन्यांत अमरावतीतलं हॉटेल खोक्यातला रस ओतून देत असेल तर त्याने आपल्या मातीकडे पाठ फिरवली आहे. तर्री-पोहे हवेत, आणि तर्रीला रंग मिरचीचा हवा, भुकटीचा नको. रात्रीच्या जेवणात पातोडीची भाजी, कढी-गोळे, ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांतलं निदान काही मिळावं. रोडगे आणि वांग्याची भाजी हॉटेलात सहसा जमत नाही. तो शेतातला, गोवऱ्यांच्या विस्तवावरचा बेत आहे आणि तो तिथेच राहिलेला बरा. गिला वडा हॉटेलात मागूच नये, तो बाहेर गाडीवरच खावा. ज्या हॉटेलचा माणूस ‘आमच्याकडे नाही, पण चौकात अमुक ठिकाणी जा, संध्याकाळी सातच्या आत जा’ असं सांगतो, ते हॉटेल मी निःशंक निवडेन.

तेव्हा बेत असा आखावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत यावं. अमरावतीत परकोटाजवळ मधल्या मजल्यावरची, छज्जा असलेली दक्षिणेची खोली घ्यावी आणि एक रात्र राहावं. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरावी, वाटेत अकोल्याला उतरून असदगड पाहावा आणि संध्याकाळपर्यंत शेगाव गाठावं. भक्तनिवासात आधी खोली राखून ठेवायच्या भानगडीत पडू नये. जाऊन रांगेत उभं राहावं आणि मिळेल ती खोली घ्यावी. परतताना स्टेशनावर गरम कचोरी घ्यायला दहा मिनिटं हाताशी ठेवावीत.