‘डिटीरिओरेट’ आणि आमचा ‘ऱ्हास’

इंग्रजींतून उतरविलेल्या मराठी गद्यांत ‘ऱ्हास’ या शब्दाचा जो सुकाळ दिसतो, त्याचें एक मूळ ‘डिटीरिओरेट’ या क्रियापदांत आहे. रुग्णाची प्रकृति असो, दोन राष्ट्रांचे संबंध असोत, कीं कोठारांतील औषध असो. भाषांतरकारानें सर्वांचा ऱ्हास करून ठेवलेला असतो. वस्तुतः ‘ऱ्हास’ व ‘ह्रस्व’ हे एकाच धातूपासून झालेले शब्द. घटणें, आंखूड होणें हा त्यांचा मूळ अर्थ. इंग्रजी क्रियापद मात्र ‘अधिक वाईट’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून आलेलें आहे. पहिल्यांत परिमाण कमी होतें, दुसऱ्यांत गुण. अरण्याचा ऱ्हास म्हणणें शोभतें, कारण झाडें खरोखरच कमी होतात. पण प्रकृतीचा ऱ्हास?

यावर कोणी अभिमानानें म्हणेल कीं, आमच्या स्वयंपाकघरांत काय शब्दांची वाण आहे! दूध नासतें, आमटी आंबते, भाजी कुजते, तेल खवट होतें, धान्य किडतें. घराबाहेर लोखंड गंजतें, लुगडें विरतें, रंग विटतो. ही श्रीमंती खरीच. प्रस्तुत लेखकासही प्रथम तिचाच मोह पडला होता. परंतु येथें ती फारशी कामास येत नाहीं. नासलेलें दूध पुन्हां चांगलें होत नाहीं. तेथें गोष्ट संपली. ‘डिटीरिओरेट’ शेवट सांगत नाहीं, केवळ वाट उताराची आहे एवढेंच सांगतें. आज ‘डिटीरिओरेट’ झालेला रोगी उद्यां सुधारूंही शकतो. म्हणून प्रकृति ‘खालावली’, संबंध ‘बिघडत गेले’, औषधाचा ‘गुण उतरला’, हेच प्रयोग नेमके. ‘इंटू’ जोडून आलें असतां शेवटही सांगितलेला असतो. तेथें ‘वाद हातघाईवर आला’ असें सरळ लिहावें.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हें क्रियापद इंग्रजींत आरंभीं सकर्मक होतें. म्हणजे कोणीतरी कशास तरी वाईट करीत असे. आज तें बहुधा अकर्मकच वापरतात. त्यामुळें अमुक इमारत ‘डिटीरिओरेट’ झाली असें अहवालांत लिहून मोकळें होतां येतें. छपराची कौलें कोणीं वेळेवर फिरविलीं नाहींत हें सांगावें लागत नाहीं. मूळ लेखकानें कर्ता झांकला असल्यास तो उघडा पाडण्याचा अधिकार भाषांतरकारास नाहीं, हें मान्य. पण ‘इमारतीचा ऱ्हास झाला’ असें लिहून त्यावर आणखी एक पांघरूण कां घालावें? ‘इमारत मोडकळीस आली’ असें लिहिलें, तर निदान वाचक विचारील कीं ती तशी येऊं कोणीं दिली.