ड्रायव्हर हा नुसता दुभाषी नव्हे

संगणकाची ओळख करून देणारे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले, की ड्रायव्हरची व्याख्या बहुधा एकाच शब्दात दिलेली सापडते : दुभाषी. ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्राची भाषा येत नाही, यंत्राला ऑपरेटिंग सिस्टिमची येत नाही, म्हणून मध्ये एक भाषांतर करणारा. सोबत आकृती असते. वर ऑपरेटिंग सिस्टिम, मध्ये ड्रायव्हर, तळाशी यंत्र, आणि वरून खाली येणारे दोन बाण. विद्यार्थी ती आकृती पाठ करतात, परीक्षेत गुणही मिळवतात. आमची तक्रार या आकृतीबद्दल आहे. ती खोटी आहे असे नाही. पण ज्या ठिकाणी प्रश्न पडायला सुरुवात व्हावी, नेमके त्याच ठिकाणी ती प्रश्न मिटवून टाकते. हार्ड डिस्कसारख्या साठवणुकीच्या साधनांच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे हार्ड डिस्कसाठी ड्रायव्हर एक नसतो, निदान दोन असतात. डिस्क ही संगणकाच्या मुख्य मार्गाला, म्हणजे 'बस'ला, थेट जोडलेली नसते. मध्ये एक अ‍ॅडॅप्टर असतो. पूर्वी ते खाचेत बसवायचे वेगळे कार्ड असे. पुढे बहुतेक संगणकांत ती मदरबोर्डवरचीच एक चिप झाली. आता डिस्कला काय सांगायचे (अमुक क्रमांकाच्या ठोकळ्यापासून इतके ठोकळे वाच) हा एक प्रश्न, आणि ते या विशिष्ट अ‍ॅडॅप्टरच्या कोणत्या रजिस्टरात कोणता आकडा लिहून सांगायचे हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एकाच ड्रायव्हरात कोंबली, तर दहा प्रकारची साधने आणि वीस प्रकारचे अ‍ॅडॅप्टर यांच्यासाठी दोनशे ड्रायव्हर लिहावे लागतील. कामाची फोड केली तर तिसात भागते.

ही फोड शक्य झाली ती 'स्कझी' या प्रमाणामुळे. स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस हे त्याचे पूर्ण नाव. १९८६ साली ते अमेरिकेचे राष्ट्रीय प्रमाण झाले. त्याने केबल आणि विद्युत्संकेत तर ठरवलेच, पण आज्ञांचा एक सामाईक संचही ठरवून दिला. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीने तो पायाशी घेतला. वरचा 'क्लास' ड्रायव्हर डिस्कला ओळखतो. मधला 'पोर्ट' ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने लिहिलेला. खालचा छोटा 'मिनिपोर्ट' अ‍ॅडॅप्टर बनवणाऱ्याने लिहायचा. लिनक्सनेही स्कझीसाठी वरचा, मधला, खालचा असे तीन थर केले. दोन वेगळ्या गोटांतली माणसे एकाच रचनेशी येऊन पोचली, यातच तिची ताकद दिसते. टीका करण्यापूर्वी हे श्रेय द्यायलाच हवे.

आता आकृतीतल्या बाणांकडे वळू. वाचनाची विनंती वरून खाली जाते हे खरे. पण कोणता ड्रायव्हर कोणत्या अ‍ॅडॅप्टरचा, हे आधी ठरवले कोणी? दुभाषी सभेला येण्यापूर्वी त्याला बोलावणारा कोणीतरी लागतोच. जुन्या आयएसए कार्डांच्या काळात हे काम माणूस करीत असे. कार्डावरच्या इवल्याशा जंपर पट्ट्या हलवून पत्ता आणि इंटरप्टचा क्रमांक ठरवायचा. ड्रायव्हर बिचारा ठरावीक पत्त्यांवर टकटक करून 'कोणी आहे का?' असे चाचपत राही. चुकीच्या दारावर टकटक झाली, तर तिथले भलतेच कार्ड बिथरून संगणक गप्प होण्याचाही संभव असे.

१९९२ साली इंटेलने पुढे आणलेल्या पीसीआय बसने हे बदलले. प्रत्येक पीसीआय साधनाजवळ २५६ बाइटांची एक नोंदवही असते. तिच्या पहिल्या चार बाइटांत उत्पादकाचा क्रमांक आणि साधनाचा क्रमांक असतो. (इंटेलने आपला क्रमांक सोळाच्या पायात ८०८६ असा घेतला. १९७८ सालच्या आपल्या प्रोसेसरचे नाव तिथे कोरून ठेवण्याची हौस भागली!) पुढे आणखी तीन बाइट 'मी कोणत्या जातकुळीचा' हे सांगतात. ०१ म्हणजे साठवणुकीचे साधन. ०१-०६-०१ म्हणजे एएचसीआय पद्धतीने चालणारा साटा अ‍ॅडॅप्टर. ०१-०८-०२ म्हणजे एनव्हीएमई.

ड्रायव्हर स्वतःबरोबर एक यादी आणतो : 'या क्रमांकांची साधने मला चालवता येतात.' ऑपरेटिंग सिस्टिम बसवरचे क्रमांक आणि ही यादी ताडून पाहते आणि जुळले की ड्रायव्हरला हाक मारते. हाक आली की तो अ‍ॅडॅप्टरचा ताबा घेतो आणि मधल्या थराला कळवतो, 'माझ्याकडे एक अ‍ॅडॅप्टर आहे.' मग मधला थर त्या अ‍ॅडॅप्टरच्या पलीकडच्या प्रत्येक पत्त्यावर स्कझीची 'इन्क्वायरी' ही आज्ञा पाठवून विचारतो, 'तू कोण?' उत्तर डिस्क, टेप की सीडी, त्यानुसार वरचा ड्रायव्हर जोडला जातो. म्हणजे ओळख दोनदा होते, आणि दोन्ही वेळा खालून वर. आकृतीत या बाणाचा पत्ताच नाही!

हा पंडिती काथ्याकूट वाटेल, पण ज्या शिक्षकांनी शाळेच्या संगणक कक्षात स्वतः विंडोज एक्सपी बसवली आहे, त्यांना या न काढलेल्या बाणाने दिलेला त्रास आठवत असेल. एक्सपी २००१ साली आली. एएचसीआयचे प्रमाण २००४ साली. एक्सपीच्या मूळ संचात एएचसीआयचा ड्रायव्हर असणे शक्यच नव्हते. संगणक सुरू होताना आधी बायोस डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर स्मृतीत आणतो. नंतर गाभा कारभार हाती घेतो आणि बायोसची मदत सोडून स्वतःच्या ड्रायव्हरमार्फत डिस्क वाचू लागतो. अ‍ॅडॅप्टरचा ड्रायव्हर आधीच स्मृतीत आलेला नसेल, तर? तो डिस्कवर असला तरी उपयोग नाही, कारण डिस्क वाचायलाच तो हवा. किल्ली ट्रंकेत ठेवून ट्रंक बंद करावी, तसे. परिणाम : निळा पडदा आणि ७बी हा आकडा.

त्या पडद्यावरचा मजकूरही पाहण्याजोगा होता. विषाणू तपासा, नवी डिस्क किंवा कंट्रोलर लावला असेल तर काढा, डिस्कचे 'टर्मिनेशन' नीट आहे ना पाहा, असे सल्ले त्यात होते. टर्मिनेशन म्हणजे जुन्या स्कझी केबलच्या टोकाला लावायचा रोधक. साटा डिस्क लावलेल्या माणसाला, जी वस्तू त्याच्या संगणकात नाहीच, ती तपासायला सांगितली जात होती. चांगल्या डिस्कवर संशय घेण्याची पाळी माणसावर यावी, असाच तो मजकूर होता. उपाय मात्र साधा. एक्सपी बसवताना एफ-६ ची कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, नाहीतर सेटअपमध्ये साटाला जुन्या आयडीईचे सोंग घ्यायला लावायचे. लिनक्सने या ट्रंकेसाठी वेगळी युक्ती केली. लागणारे ड्रायव्हर भरलेली एक छोटी फाइल-प्रणाली गाभ्याबरोबरच स्मृतीत आणायची. तिच्यात नेमका ड्रायव्हर राहून गेला, तर लिनक्सही तितक्याच निमूटपणे बंद पडते. प्रश्न कुणा एका कंपनीचा नाही, जोडणीच्या क्रमाचा आहे.

दुभाष्याच्या उपमेत आणखी एक खोट आहे. जे एका भाषेत म्हणता येते ते दुसरीतही म्हणता येते, असे ती गृहीत धरते. लिनक्समध्ये साटा डिस्कची नावे 'एसडी' या अक्षरांनी सुरू होतात, म्हणजे 'स्कझी डिस्क'. ही डिस्क मुळात स्कझी नाही. 'लिबएटीए' नावाचा थर तिला वरच्यांपुढे स्कझी म्हणून उभी करतो. स्कझीच्या 'सिंक्रोनाइझ कॅश' या आज्ञेचा अर्थ असा की तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवलेले सगळे आता प्रत्यक्ष तबकडीवर उतरव. ती एटीएच्या 'फ्लश कॅश'मध्ये उतरते, ते ठीक. पण डिस्क बाहेरच्या यूएसबी डबीत घातली आणि त्या डबीतल्या चिपने ही आज्ञा गिळून नुसतेच 'झाले' म्हटले, तर वरचे सगळे थर निर्धास्त राहतील. मग वीज गेली, तर निकालपत्रकाची फाइल अर्धवटच उरेल. डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल देणारी एटीएची 'स्मार्ट' सोय तर अशा कित्येक डब्यांतून मिळतच नाही. स्कझीत तिला नेमका प्रतिशब्द नाही. मूळ आज्ञा लखोट्यात घालून तशीच पुढे पाठवण्याची पद्धत आहे, पण मधल्या चिपने तो लखोटा स्वीकारला तरच.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप पुढेच आहे. थरांमध्ये भाषा असते, तशी गृहीतेही असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. तेवढ्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बेचाळीस लाख ठोके घेतो. मग मधल्या थराने काही हजार ठोके उधळले तर कोणाला कळणार? म्हणून सर्व विनंत्यांची एकच रांग, रांगेला एकच कुलूप, आणि पोस्टमन गल्लीच्या क्रमाने पत्रे लावतो तशी विनंत्यांची मांडणी, हे सारे शहाणपणाचे होते. एनटीच्या जुन्या पोर्ट ड्रायव्हरमध्ये तर नवी विनंती पाठवणे आणि पुऱ्या झालेल्या विनंतीचा इंटरप्ट हाताळणे ही कामे एकाच वेळी होऊच शकत नसत. जलद अ‍ॅडॅप्टर आले तेव्हा ते जाचू लागले, आणि २००३ साली मायक्रोसॉफ्टने 'स्टोरपोर्ट' आणून ही कामे वेगळी केली.

पुढे फिरणारी तबकडीच गेली. चिपांवर साठवण करणाऱ्या एसएसडी आल्या. एएचसीआयमध्ये प्रत्येक जोडणीला ३२ आज्ञांची एकच रांग होती. २०११ च्या एनव्हीएमई प्रमाणात ६५,५३५ पर्यंत रांगा आणि प्रत्येकीत ६५,५३६ पर्यंत जागा. एस.टी. स्थानकावर शंभर खिडक्या उघडल्या, पण स्थानकात शिरायचे दार एकच राहिले, तर काय होईल? लिनक्सला ते दार मोडावे लागले. जानेवारी २०१४ मधील ३.१३ आवृत्तीत अनेक रांगांचा नवा थर आला आणि २०१९ च्या ५.० आवृत्तीत जुनी एकेरी रांग काढून टाकली गेली. लिनक्समधला एनव्हीएमईचा ड्रायव्हर स्कझीच्या वाटेने जातच नाही. विंडोज ८.१ बरोबर २०१३ साली मायक्रोसॉफ्टचा एनव्हीएमई ड्रायव्हर आला तो मात्र स्टोरपोर्टखाली बसवलेला, म्हणजे स्कझीच्या साच्यातल्या विनंत्यांचे रूपांतर करणारा. जुन्या प्रोग्रामांची सोय पाहणे हेही एक मूल्य आहे, हे मान्य. तरीही जे साधन स्कझी नव्हे, ज्याला स्कझीच्या मर्यादा नाहीत, त्याच्याशी स्कझीच्या साच्यातून बोलत राहणे आम्हाला पटत नाही.

थर नकोत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांपेक्षा तीन ते सात पटींपर्यंत जास्त आढळले होते. अ‍ॅडॅप्टर बनवणाऱ्याने लिहायचा भाग जितका लहान, तितके बरे. फक्त मधला थर लिहिणाऱ्याने आपली गृहीते कुठेतरी लिहून ठेवायला हवीत. ती सहसा लिहिलेली नसतात. साधन बदलले की मगच दिसतात.

वर्गात हे दाखवायला वेगळे साहित्य लागत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली साधने जोडणीच्या क्रमाने दाखवण्याची सोय आहे. ती निवडून डिस्कपासून एकेक पायरी वर चढत पीसीआय बसपर्यंत जावे. वाटेत साठवणुकीच्या कंट्रोलरच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहिला, की उत्पादकाचा आणि साधनाचा क्रमांक सापडतो. लिनक्स असेल तर 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'एनएनके' हा पर्याय जोडावा. क्रमांक आणि ड्रायव्हरचे नाव शेजारी शेजारी मिळतात. मग पेन ड्राइव्ह लावून तिला मिळालेले नाव वाचायला सांगावे. तेही 'एसडी'नेच सुरू होते. पेन ड्राइव्हमध्ये स्कझीची केबल कुठे आहे, असे एखादी मुलगी विचारील. तिला आधी पुस्तकातली आकृती फळ्यावर काढायला सांगावे, आणि मग खालून वर जाणारे बाण कुठे येतात ते.