काचेच्या कोणत्या बाजूला? प्रूस्तचं हॉटेल, आजचे रिव्ह्यू आणि आपला संशोधनप्रश्न

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बुटिक हॉटेलचा एक रिव्ह्यू उघडा आणि त्यातली फक्त क्रियापदं वाचा. खोली 'सजलेली असते'. नाश्ता 'येतो'. ऑयस्टरची थाळी 'समोर अवतरते'. संध्याकाळी परत यावं तर चादर 'पुन्हा नीट झालेली असते'. सगळं कसं आपोआप! चादर कुणी बदलली, ऑयस्टर कुणी उघडले, पहाटे नाश्त्याची टेबलं कुणी मांडली, हे वाक्यात कुठेच नाही. कर्ता सापडतो तो एकच, पाहुणा. तो 'अनुभवतो', 'चाखतो', 'भारावतो'.

पर्यटनावर संशोधन करायचं म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या प्रस्तावात एक वाक्य ठरलेलं असतं : "अमुक इतके ऑनलाइन रिव्ह्यू गोळा करून त्यांचं आशय-विश्लेषण करण्यात येईल." मग जागा, जेवण, सेवा, दर असे गट पाडायचे, तक्ते काढायचे. यात चूक काही नाही. पण रिव्ह्यू हा प्रकारच ज्या जागी बसून लिहिला जातो, त्या जागेचा विचार आधी केला नाही तर पाचशे रिव्ह्यू वाचूनही आपण एकाच खुर्चीतून पाचशे वेळा बघितलेलं असतं. हे नीट कळण्यासाठी आज एका कादंबरीतलं हॉटेल वाचू या.

मार्सेल प्रूस्तच्या 'हरवलेल्या काळाच्या शोधात' या महाकादंबरीचा दुसरा खंड १९१९ साली आला आणि त्याच वर्षी त्याला गोंकूर पुरस्कार मिळाला. त्यातला मोठा भाग बाल्बेक नावाच्या काल्पनिक समुद्रकाठच्या गावात, तिथल्या ग्रँड हॉटेलात घडतो. या हॉटेलामागे एक खरं हॉटेल आहे : नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या काबूरचं ग्रँड हॉटेल. आजची इमारत १९०७ सालची, आणि प्रूस्त १९०७ ते १९१४ दर उन्हाळ्यात तिथे राहायला जात असे. काबूर हे मुळात पॅरिसच्या पैशानं वसवलेलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा नकाशाच असा आखला गेला की रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे एका बिंदूतून फुटतात, आणि त्या बिंदूवर उभे आहेत कॅसिनो आणि हे हॉटेल. म्हणजे इथे गाव आधी आणि हॉटेल नंतर असा प्रकार नाही. हॉटेल हाच गावाच्या आराखड्याचा केंद्रबिंदू आहे.

या खंडातले तीन प्रसंग बघू.

पहिला जेवणघरातला. दुपारची वेळ, समुद्राकडची मोठी काच बंद. निवेदकाची आजी मोकळ्या हवेची भक्त. नातवाला समुद्राचा वारा मिळत नाही हे तिला सहन होत नाही. ती गुपचूप एक खिडकी उघडते आणि क्षणात मेनूकार्डं, वर्तमानपत्रं, बायकांच्या चेहऱ्यावरच्या जाळ्या, टोप्या सगळं उडायला लागतं. बाकीचे पाहुणे संतापतात, आजी मात्र शांत. विनोद आहेच, पण बघा, प्रूस्तनं काय दाखवून दिलं : पाहुण्यांना समुद्र हवा आहे तो काचेपलीकडचा. 'सी व्ह्यू' हवा, खारा वारा नको. आजही खोलीचा दर ठरतो तो दृश्यावर.

दुसरा प्रसंग त्याच जेवणघरात, रात्रीचा. विजेच्या दिव्यांचा उजेड भरून राहिला की ते जेवणघर म्हणजे एक अवाढव्य मत्स्यालय होतं. बाहेर अंधारात बाल्बेकचे कामगार, कोळी, बेताच्या मिळकतीची कुटुंबं काचेला नाक लावून आतल्या लोकांचं आयुष्य बघत उभी असतात, जणू विचित्र मासे बघावेत तसे. इथे निवेदक विचारतो की ही काच या मेजवानीचं रक्षण कायम करेल का, की बाहेरचे हे अंधारातले लोक एक दिवस आत येऊन त्या माशांना पकडून खातील? पुढे तो असंही सुचवतो की बाहेरच्या गर्दीत एखादा लेखकही असेल, माणसांच्या मत्स्यशास्त्राचा अभ्यासक. आतल्या वृद्ध स्त्रियांचे जबडे घासावर कसे मिटतात हे तो टिपत असेल. एक सर्बियन बाई सॅलड अगदी उमरावांच्या घरच्यासारखं खाते, कारण लहानपणापासून ती पॅरिसच्या खानदानी वस्तीच्या 'पाण्यात' वाढली, अशी नोंद करत असेल.

संशोधकासाठी ही जागा सोन्यासारखी आहे. निरीक्षक आत बसून बाहेरच्या 'स्थानिक' लोकांची नोंद करत नाही. तो बाहेर, अंधारात, गर्दीत उभा आहे आणि नमुना म्हणून तपासले जात आहेत ते श्रीमंत पाहुणे. रिव्ह्यू ज्या दिशेनं बघतो त्याच्या बरोबर उलटी दिशा.

पण इथेच आपण प्रूस्तलाही जाब विचारायला हवा. दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, काच टिकेल का हा मोठा सामाजिक प्रश्न त्यानं कंसात घातला आहे. अगदी शब्दशः कंसात. वाक्य त्या प्रश्नापाशी क्षणभर थांबतं आणि पुन्हा जेवणघराकडे वळतं. दोन, बाहेरच्या लोकांना नाव नाही, चेहरा नाही, तोंडी एक वाक्य नाही. आतल्या बाईच्या सॅलड खाण्याला वंशावळ मिळते, बाहेरच्या कोळ्याला फक्त गर्दीतली एक जागा. आज त्यानं दर्यावरून काय आणलं, तेच आत ताटात आहे का, हे कादंबरी विचारत नाही. तेव्हा 'प्रूस्तनं वर्गभेद दाखवला' एवढंच लिहून थांबू नका. त्यानं काच दाखवली, पण काचेपलीकडच्यांना बोलतं केलं नाही. एका लेखकाची ताकद आणि मर्यादा एकाच परिच्छेदात सापडते, आणि समीक्षा म्हणजे दोन्ही नोंदवणं.

तिसरा प्रसंग लहानसा आहे, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कुटुंबाबरोबर आलेली मोलकरीण फ्रान्स्वाझ सुरुवातीला हॉटेलात कुणालाच ओळखत नसते, तेव्हा क्षुल्लक कारणासाठीही बिनधास्त घंटी वाजवते. मग तिची तिथल्या नोकरमाणसांशी मैत्री होते. त्यांची जेवायची वेळ कुठली, दमतात कधी हे तिला कळतं. आता ती घंटी वाजवू देत नाही, कारण 'ते' जेवत असतील. परिणाम असा की पाणी तापवणाराच तिचा मित्र झाल्यामुळे घरच्यांना गरम पाणी मिळेनासं होतं!

हसू येतं ना? पण 'सेवा' या शब्दाचं इतकं नेमकं विश्लेषण क्वचित सापडेल. घंटीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे आणि त्याला भूक लागते, हे कळलं की घंटी वाजवणं अवघड होतं. म्हणजे तत्पर सेवा टिकते ती अनोळखीपणावर. रिव्ह्यूत कर्ता का गायब असतो याचं उत्तर बहुधा इथेच आहे. जेवणाऱ्याला चव कळते, पण अख्खी पंगत दिसते ती वाढणाऱ्याला, आणि त्याला कुणी रिव्ह्यू मागत नाही.

सैद्धांतिक चौकट हवी असेल तर अर्व्हिंग गॉफमन वाचा. माणसं रोजच्या जगण्यात स्वतःला 'सादर' कशी करतात यावरचं त्याचं पुस्तक १९५६ साली एडिंबरातून प्रथम निघालं. रंगमंच आणि पडद्यामागची जागा ही त्याची मांडणी तुम्ही ऐकली असेल, पण त्यातली बरीच उदाहरणं स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या एका लहान हॉटेलातली आहेत हे सहसा सांगितलं जात नाही. तिथे स्वयंपाकघराच्या दारावरून सतत कुरबुर चाले. वाढणाऱ्या मुलींना दार उघडं हवं असे : ट्रे नेणं सोपं, पाहुण्यांचं कुठवर आलं हेही दिसतं. चालवणाऱ्यांना ते बंद हवं असे, कारण आतल्या सवयी दिसल्या तर पाहुण्यांच्या मनातली त्यांची प्रतिमा बिघडेल. प्रूस्तकडे काच आहे, गॉफमनकडे दार. काच पाहुणा आणि गाव यांच्यामध्ये, दार पाहुणा आणि काम यांच्यामध्ये. हॉटेलाचा अभ्यास करायचा तर दोन्ही हद्दी तपासाव्या लागतात.

आता आजच्या काबूरकडे या. ते ग्रँड हॉटेल आज अ‍ॅकॉर या बहुराष्ट्रीय समूहाच्या एमगॅलरी या नावाखाली चालतं, आणि एमगॅलरीची ओळख करून दिली जाते ती बुटिक हॉटेलांचा संग्रह म्हणून. तिथल्या रेस्टॉरंटचं नाव 'ल बाल्बेक'. प्रूस्तच्या नावाची, त्याच्या काळासारखी सजवलेली खोलीही आहे. गंमत बघा : खऱ्या हॉटेलावरून कादंबरीतलं हॉटेल झालं, आणि आता कादंबरीतल्या गावाचं नाव खऱ्या हॉटेलाच्या जेवणघराला आहे. ज्या परिच्छेदात या जेवणघराची चिरफाड झाली, तोच आता त्याची शोभा झाला.

'बुटिक' शब्दाचंही तसंच. फ्रेंचमध्ये त्याचा साधा अर्थ लहान दुकान. हॉटेलाला तो चिकटला न्यूयॉर्कमध्ये, १९८४ साली उघडलेल्या 'मॉर्गन्स' हॉटेलाच्या संदर्भात, आणि मग हा शब्द अमेरिकेची वारी करून फ्रान्सला परतला. लहान, एकमेव, कुणाच्या तरी आवडीनिवडीचं असा त्याचा सूर. साखळी समूहानं चालवलेल्या 'एकमेव' हॉटेलाला हा शब्द कसा लागू होतो, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल.

म्हणून शब्दांची दोन गटांत विभागणी करायला शिका : तपासता येणारे आणि न येणारे. फ्रान्समध्ये हॉटेलाचे तारे तपासणीनंतर मिळतात आणि पाच वर्षांनी पुन्हा तपासणी होते. 'बुटिक' ही अशी अधिकृत श्रेणी नाही. मेनूवरचं 'फे मेझों', म्हणजे इथेच बनवलेलं, याला २०१४ पासून कायद्याची व्याख्या आणि ठरलेलं चिन्ह आहे : पदार्थ त्याच ठिकाणी कच्च्या मालापासून तयार झालेला हवा. रिव्ह्यूतली 'घरगुती चव' मात्र कुणी तपासत नाही. दोन्ही शब्द एकाच ओळीत आले म्हणून एकाच तक्त्यात टाकू नका.

आणि दारापलीकडचं साहित्य कुठे शोधायचं? ते असतं, फक्त रिव्ह्यूत नसतं. कामगार करार, हंगामी नोकरीच्या जाहिराती, न्यायालयीन निकाल, संघटनांची पत्रकं. पॅरिसच्या इबिस बातिन्योल हॉटेलातल्या खोल्या साफ करणाऱ्या कामगारांचा लढा बघा. हे हॉटेलही अ‍ॅकॉर समूहाच्याच नावाखालचं, पण या स्त्रिया नोकरीला होत्या कंत्राटदाराकडे. जुलै २०१९ मध्ये त्या संपावर गेल्या, तासाला किती खोल्या करायच्या आणि त्याचा मोबदला किती हा वाद होता. मे २०२१ मध्ये, तब्बल २२ महिन्यांनी, त्यांना अनुकूल समझोता झाला. त्यांच्यातली एक, राशेल केके, २०२२ साली फ्रेंच संसदेत निवडून गेली. काबूरमध्येही असंच असेल असा निष्कर्ष यावरून काढायचा नाही, तो पुरावा वेगळा लागेल. पण 'चादर नीट झालेली होती' या वाक्याला कर्ता असतो, वेग असतो आणि दर असतो, एवढं या लढ्यानं जाहीरपणे नोंदवलं.

तुमच्या प्रस्तावात हे कसं उतरेल? माझी सूचना साधी आहे. निवडलेल्या रिव्ह्यूंपैकी दहा घ्या. प्रत्येक क्रियापदासमोर कर्ता लिहा. जिथे कर्ता नाही तिथे रिकामी चौकट ठेवा आणि ती भरण्यासाठी कोणता वेगळा स्रोत लागेल ते शेजारी नोंदवा. कर्मचारी येतात तिथे कसे येतात तेही बघा : नावानं, 'स्टाफ' म्हणून, की फक्त एक 'स्मितहास्य' म्हणून? मग 'अभ्यासाच्या मर्यादा' या शीर्षकाखाली आपण एरवी जी दोन मोघम वाक्यं टाकतो, त्या जागी ही यादी द्या. मार्गदर्शक विचारतीलच, "हे सगळं करायला वेळ पुरेल का?" बहुधा नाही पुरणार. सगळ्या चौकटी भरायच्याच असं नाही. एक निवडा, आणि ती का निवडली ते लिहा. तुमचा संशोधनप्रश्न तिथूनच सुरू होईल. उरलेल्या मात्र पुसू नका, रिकाम्याच छापा.