पानिपत बदललं, घाट तोच राहिला

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ साली विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते, मराठे जिंकतात आणि पुढचा हिंदुस्थान वेगळाच घडतो. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावानं ती अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ पाठ्यपुस्तकात आली, त्यामुळे आखातात सीबीएसईत शिकलेल्या मराठी मुलांनाही ती माहीत असते. त्या दुसऱ्या इतिहासात गंगाधरपंत रेल्वेनं पुण्याहून मुंबईला जातात. गाडी जास्त वेगवान, पुण्याबाहेर कारखाने नाहीत, मुंबईत अजून इंग्रजांचं राज्य. लोणावळ्यापुढचा घाट मात्र ओळखीचा, होता तसाच.

तर्काला हे धरूनच आहे. गोळी हुकली म्हणून डोंगर हलत नाहीत. पण इतिहासाचा फाटा इतक्या अलीकडेच का फोडायचा? तो साडेसहा कोटी वर्षं मागे नेऊ. दख्खनचा लाव्हा वाहिलाच नाही असं धरा. डोंगराची कड तरीही असेल (केरळातला पश्चिम घाट बेसाल्टविनाच उभा आहे), पण विदर्भाची काळी माती नाही, रायगडाचे ताशीव कडे नाहीत. मग पानिपतावर जायला सैन्य कुठून निघालं असतं?

मी राहतो त्या रास अल खैमात हा प्रश्न हवेपर्यंत जातो. जबल जैसचे डोंगर चुनखडीचे, प्राचीन टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेले. शुद्ध चुनखडीच्या १०० किलोंत ४४ किलो कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. इथल्या सिमेंटच्या भट्ट्यांत दगड भाजला की तो सुटतो. जगभरच्या चुनखडीतला सगळा सुटला, तर आपली हवा शुक्राच्या वळणावर जाईल: तिथे दाब इथल्या सुमारे ९० पट, तापमान ४६० अंशांच्या आसपास. गंमत अशी, की चुनखडी साचायला समुद्र लागतो आणि समुद्र टिकायला हा वायू दगडात कोंडलेला लागतो. साखळी एकदा तुटली की पाणीही नाही आणि दगडही नाही.

मुंबईवर बर्फ पडतो त्या कथेत नारळीकरांनी हवेला हात घातला आहे, पण तिथे संकट येतं आणि शास्त्रज्ञ ते परतवतात. दुसरी हवा असलेली पृथ्वी तिथेही नांदत नाही.

कथेच्या शेवटी राजेंद्र देशपांडे गंगाधरपंतांना कॅटॅस्ट्रॉफी थिअरी समजावतो: किंचित फरकानं परिस्थिती या किंवा त्या टोकाला जाते. माझ्या मते हा युक्तिवाद लढाईपेक्षा पृथ्वी आणि शुक्र या जोडीला जास्त चपखल बसतो. खगोलशास्त्रज्ञ लेखकानं तो पानिपतावर खर्च केला, याचं मला दर वाचनात नवल वाटतं.