गाळातील वीज आणि 'व्यवहार्य' हा शब्द : एका शोधनिबंधाचा परामर्श

सूक्ष्मजीव इंधन घटांवरील लेखनात २००८ साली 'जर्नल ऑफ पॉवर सोर्सेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिओनार्ड टेंडर व सहकाऱ्यांच्या शोधनिबंधाचे स्थान महत्त्वाचे आहे. जिवाणूंपासून वीज मिळते हे एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखविले होते; मात्र प्रयोगशाळेबाहेरील उपकरण त्या विजेवर चालविणे ही निराळी गोष्ट होय. टेंडर यांच्या गटाने हवामानाची नोंद घेणारा बोया अशा घटावर चालविला आणि शीर्षकातच या घटास 'व्यवहार्य' वीजस्रोत म्हटले. या विशेषणाची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचना साधी आहे. ग्रॅफाइटचा अ‍ॅनोड तळाच्या ऑक्सिजनविरहित गाळात पुरलेला असतो, कॅथोड वरच्या पाण्यात. सेंद्रिय द्रव्याचे विघटन करणारे जिवाणू अ‍ॅनोडला इलेक्ट्रॉन देतात. ते तारेतून कॅथोडकडे जाऊन ऑक्सिजनचे क्षपण करतात. इंधन भरावे लागत नाही, हे या घटाचे खरे बळ.

परंतु भार असताना त्याचा विद्युत्दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास वा त्याहून कमी राहतो. नेहमीचे सेल एकापुढे एक जोडून दाब वाढविता येतो. येथे तो मार्ग जवळजवळ बंदच, कारण शेजारचे सर्व घट एकाच पाण्यात बुडालेले असून ते पाणीच त्यांना परस्परांशी जोडून टाकते. त्यामुळे दाब वाढविणारे परिवर्तक मंडल अपरिहार्य ठरते. 'जिवाणूंवर चालणारे उपकरण' या शब्दप्रयोगात हे मंडल सोयीस्करपणे झाकले जाते.

आता आकडे. बोयाची सरासरी गरज सुमारे १८ मिलिवॉट होती. पहिला घट २३० किलोग्रॅम वजनाचा, शक्ती २४ मिलिवॉट, म्हणजे वर्षाला 'डी' आकाराच्या सुमारे १६ अल्कलाइन सेलांइतकी ऊर्जा. दुसरा केवळ १६ किलोग्रॅमचा, शक्ती ३६ मिलिवॉट, वर्षाला सुमारे २६ सेल. एका सेलचे वजन सुमारे १४० ग्रॅम धरल्यास पहिल्या घटाला आपल्या वजनाची भरपाई करण्यास शंभर वर्षे लागतील; दुसऱ्याला साडेचार वर्षांहूनही कमी. एकाच निबंधातील या दोन घटांना एकच विशेषण लावणे योग्य नव्हे. पहिल्याने शक्यता सिद्ध केली, व्यवहार्यतेच्या जवळ दुसरा आला.

अर्थात वजन हा एकमेव निकष नाही. सेल बदलण्यासाठी बोयापर्यंत नाव न्यावी लागते आणि तो खर्च सेलांच्या किमतीहून मोठा असतो. टेंडर यांच्या निबंधाचे समर्थन करावयाचे तर ते याच मुद्द्यावर.

मूत्रावर मोबाइल फोन चालविल्याची ब्रिस्टल येथील संशोधकांची २०१३ मधील वार्ता अधिक गाजली. तथापि फोन मनुष्याच्या हाती असतो, तो भिंतीवरील विजेशी जोडता येतो; या घटाचा विशेष गुण तेथे वायाच जातो. त्या तुलनेत २०२२ मध्ये केंब्रिज येथील गटाने नीलहरित जिवाणूंच्या घटावर सहा महिन्यांहून अधिक काळ सूक्ष्मप्रक्रियक चालविला, ही निवड अधिक विचारपूर्वक होती : त्याची गरज सुमारे ०.३ मायक्रोवॉट, म्हणजे उपकरणच स्रोताच्या पातळीला आणले गेले. मात्र त्या घटाचा अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियमचा होता. वीज जिवाणूंची किती आणि गंजणाऱ्या धातूची किती, हा प्रश्न तेथे उरतोच. त्याचा निवाडा होईपर्यंत त्या घटाला निखळ जैविक म्हणता येत नाही.