हलेल तोच हजर

टीका लिहायची ती पुस्तकावर, नाटकावर, फार तर सिनेमावर. मॉनिटरवर कसली टीका लिहायची, असे कुणी म्हणेल. पण मैत्रिणींनो, घरात येणारी प्रत्येक वस्तू वापरणाऱ्या माणसाबद्दल काही ना काही धरून चालते. ओटा आपली उंची धरून चालतो, खुर्ची आपले गुडघे धरून चालते. बऱ्याचदा हे धरून चालणे चुकते आणि आपण पाठीला बाम लावून गप्प बसतो. म्हणून आज एका गेमिंग मॉनिटरने काय धरले आहे ते तपासावेसे वाटते.

हा मॉनिटर माणूस समोर आहे की नाही ते ओळखतो. खालच्या पट्टीवर मधोमध एक काळा ठिपका असतो, तोच त्याचा सेन्सर. समोर कुणी नाही असे त्याला वाटले की स्क्रीन काळी होते, आणि माणूस परत आला की उजळते. कल्पना जुनीच आहे. फिलिप्स, आयझो यांच्या ऑफिसच्या मॉनिटरमध्ये अशी सोय कितीतरी वर्षे आहे. तिथे हेतू विजेच्या बचतीचा होता. आता ती गेमिंगच्या महागड्या स्क्रीनमध्ये आली आहे, आणि इथे कारण वेगळे आहे.

ते कारण खरे आहे, हे आधी सांगायला हवे. या नव्या स्क्रीन ओलेड जातीच्या असतात. जुन्या एलसीडीत मागे दिवा असतो आणि पुढची काचपट्टी त्याचा उजेड अडवते किंवा सोडते. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण उजळणारे हे सेंद्रिय पदार्थ वापराने थकतात, त्यातही निळा लवकर थकतो. एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिले, समजा खेळातला गुणांचा फलक किंवा कॉम्प्युटरची खालची पट्टी, तर तेवढेच ठिपके जास्त झिजतात आणि तिथे पुसट छाप कायमची राहते. याला बर्न-इन म्हणतात. पोर गेम तसाच सोडून जेवायला येते, मग मित्राचा फोन येतो, आणि इकडे फलक जळत राहतो. अशा वेळी सेन्सरने स्क्रीन काळी केली तर ते पैसे वाचवणेच आहे. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. 'समोर आहे' म्हणजे काय, हे या यंत्राने कसे ठरवले?

हे सेन्सर बहुधा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण समोर टाकतात आणि तो आदळून परत येतो का, किती अंतरावरून येतो, ते मोजतात. त्यात कॅमेरा नसेल तर चित्र घेतले जात नाही. 'हा आपल्याकडे बघतो का गं?' असे शेजारच्या बेनने मला विचारले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते. काही लॅपटॉपमध्ये मात्र हेच काम कॅमेऱ्याकडे असते. विंडोज ११ मध्ये 'प्रेझेन्स सेन्सिंग' नावाचे सेटिंग असते आणि ही माहिती कोणत्या अॅपला द्यायची ते तिथे ठरवता येते. दुसरी एक जात जिन्यातल्या आपोआप लागणाऱ्या दिव्यांत असते. ती अंगाच्या उष्णतेतला बदल टिपते. म्हणूनच कुलपात किल्ली शोधत आपण स्थिर उभे राहिलो की दिवा जातो आणि हात हलवावा लागतो. सेन्सर अंतर मोजणारा असो की बदल टिपणारा, समोरचा माणूस विशीतला, टेबलाला चिकटून बसलेला आणि सतत चुळबुळ करणारा असेल, असेच तो धरून चालतो.

आमच्या घरात या मॉनिटरसमोर असा माणूस दिवसातून तीन तास असतो. उरलेल्या वेळात ती घरातली सर्वांत मोठी स्क्रीन असते. तिच्यावर मी पाककृती बघते, लेक प्रोजेक्ट करते, आणि रविवारी दुपारी सासूबाई पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. सासूबाईंची खुर्ची मागे असते, कारण गुडघे टेबलाखाली जात नाहीत. त्या ऐकताना अगदी स्थिर बसतात, हात मांडीवर. एका रविवारी नातू नव्या नोकरीचे सांगत होता आणि मध्येच स्क्रीन काळी झाली. कॉल चालूच होता, पण आवाज हळू आणि सासूबाईंना कमी ऐकू येते. त्या उठल्या, आत गेल्या आणि म्हणाल्या, 'ठेवला गं त्याने. कंटाळला असेल.' तिकडे पोरगा 'आजी, आजी' करत होता. लेकीने पळत जाऊन त्यांना परत आणले तेव्हा कुठे उलगडा झाला. माझ्या मुलाचा उपाय तयार होता, 'आजी, तू मधून मधून हल ना!'

माझी हरकत नेमकी या उपायावर आहे. ऐंशी वर्षांच्या बाईने आपण इथे आहोत हे सिद्ध करायला हलत राहायचे?

आता बिघाड शोधायचा तर क्रमाने शोधावा. स्क्रीन गेली तर आधी 'सिग्नल नाही' असा संदेश येतो का ते बघा. येत असेल तर केबल किंवा कॉम्प्युटर तपासायचा, सेन्सरचा दोष नाही. दर वेळी मोजून पाच किंवा दहा मिनिटांनी, कुणी कीबोर्डला हात न लावल्यावर जात असेल तर ते विंडोजचे स्क्रीन बंद करण्याचे सेटिंग. आणि पुढे वाकल्याबरोबर उजळत असेल तर सेन्सर.

सेन्सर असेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जायचे. मागच्या किंवा खालच्या छोट्या कळीने तो उघडतो. ओलेडची काळजी किंवा वीजबचत अशा विभागात सेन्सरचे नाव सापडते. बऱ्याच मॉडेलमध्ये अंतर आणि थांबण्याचा वेळ वाढवता येतो. आधी ते दोन्ही वाढवून बघा. स्क्रीन वर कललेली असेल तर किरण डोक्यावरून जातो, ती थोडी सरळ करा. ठिपक्यासमोरचा पेनस्टँड, कप, मोबाइल बाजूला करा आणि ठिपका कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काळे कापड किरण कमी परतवू शकते, आणि वडोदऱ्याचे दुपारचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट आले तर त्यातले अवरक्त किरणही गोंधळ घालतात. पडदा ओढून फरक पडतो का बघा. उलटेही घडते. उंच पाठीची खुर्ची समोर असेल तर यंत्र खुर्चीलाच माणूस समजते आणि स्क्रीन कधीच बंद होत नाही.

याने भागले नाही तर सेन्सर सरळ बंद करा. मात्र त्याचे काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्यायला हवे. विंडोजला पाच मिनिटांनी स्क्रीन बंद करायला सांगा आणि खालची पट्टी आपोआप लपेल असे करा. व्हिडिओ चालू असताना बहुतेक प्लेअर विंडोजला स्क्रीन बंद करू देत नाहीत, म्हणून हा पहारेकरी सेन्सरपेक्षा समजूतदार ठरतो. आणखी एक गोष्ट आपल्या बायकांसाठी. काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करायची आपली सवय चांगली, पण ओलेड स्क्रीन साधारण चार तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये काही मिनिटे स्वतःची दुरुस्ती करते. वीज तोडली तर ती होत नाही. तेवढी मिनिटे तिला द्या.

म्हणजे उपाय आहेत. तरीही टीका उरतेच, कारण हे सगळे शोधायचे ओझे यंत्राने आपल्यावर टाकले आहे.

आपल्या वडोदऱ्यातच याची उलट बाजू सापडते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले आणि राज्यभर वाचनालयांचे जाळे उभे केले. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांना काचेची जमीन घातली, की उजेड खालपर्यंत पोचावा. तिथे विचार करणाऱ्याने धरले होते की वाचणारा माणूस शांत असणार, आणि उजेडाने त्याच्याकडे यायचे. आमच्या मॉनिटरने धरले आहे की शांत माणूस निघून गेलेला असणार, आणि उजेड हवा तर त्याने हालचाल करायची. शंभराहून जास्त वर्षांनंतर आपण उलटे चाललो आहोत.

कुणी म्हणेल, एवढ्याशा ठिपक्यावर केवढा राग! पण घरात स्थिर बसणारी माणसे कोण असतात ते बघा. ऐकणारी म्हातारी माणसे, आजारी माणसे, अभ्यासात बुडालेली मुलगी, सुईत दोरा ओवताना व्हिडिओ बघणारी बाई. हीच माणसे बाकी व्यवहारातही गृहीत धरली जातात. जो बोलतो, हात वर करतो, खुर्ची पुढे ओढतो, तो सभेत हजर. भिंतीकडेला बसून सगळे ऐकणारी गैरहजर. यंत्राला हे कुणी शिकवले नाही, असे मी म्हणणार नाही. ते बनवणाऱ्यांनी ज्या माणसाला समोर बसवून तपासले, तो कसा बसला होता यावरून हे ठरले असणार.

मागणे फार नाही. स्क्रीन काळी करण्याआधी दहा सेकंद तिच्यावर एक ओळ यावी, आणि ती आपल्या भाषेत यावी: 'समोर कुणी दिसत नाही, स्क्रीन बंद करत आहे.' एवढ्याने सासूबाई उठून गेल्या नसत्या. यंत्र चुकेल हे मला मान्य आहे, माणसेही चुकतात. पण न सांगता दिवा मालवायचा आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचे, ही रीत घरात कुणी केली तर आपण चालवून घेत नाही. विकत आणलेल्या वस्तूचीही चालवून घेऊ नये. दुकानात गेल्यावर इंच आणि हर्ट्झ मुले विचारतीलच. आपण विचारावे, 'हा सेन्सर बंद कुठून करायचा?' आणि दुकानदाराला तिथल्या तिथे करून दाखवायला लावावे.