कोडमधली मोकळी जागा नक्की कुणासाठी?

आधी ही ओळ वाचा: २+३ * ४

डोळा पटकन २० म्हणतो, कारण २+३ चिकटून आहेत. पायथन मात्र १४ देतो. चिन्हांभोवती तुम्ही किती जागा सोडली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. (ओळीच्या सुरुवातीच्या जागेचं तसं नाही, तिथे अर्थच बदलतो.) म्हणजे ही जागा वाचणाऱ्यासाठी असते, आणि ती त्याला फसवूही शकते.

पायथन कोड कसा लिहावा हे सांगणारा दस्तऐवज म्हणजे पेप ८, २००१ सालचा. त्यातली एक सूचना मला फार पटते: एका ओळीत वेगवेगळ्या अग्रक्रमाची चिन्हं असतील, तर सर्वात कमी अग्रक्रमाच्या चिन्हाभोवती जागा सोडण्याचा विचार करा. उदाहरणार्थ, अ*अ + ब*ब. वहीत लिहिल्यासारखं सूत्र लगेच दिसतं. शिवाय ‘विचार करा’ म्हटलंय, सक्ती नाही.

२०१८ मध्ये आलेलं ब्लॅक हे टूल ही मोकळीक काढून घेतं. त्याच्या हाती तीच ओळ अ * अ + ब * ब होते. घाताच्या चिन्हाला साध्या पदांपुरती सवलत आहे, बाकी सगळं समान अंतरावर. स्तंभ जुळवून लिहिलेल्या मॅट्रिक्समधल्या जास्तीच्या जागाही ते काढून टाकतं. गटातले वाद मिटतात हे खरं, पण गणिती कोडमध्ये सूत्राचा आकारच हरवतो. माझा आक्षेप इथे आहे.

तरी मी ब्लॅक वापरते. माझा धडा वेगळाच होता. एकदा जुन्या कोडवर ब्लॅक चालवलं आणि त्याच कमिटमध्ये एका समीकरणाची दुरुस्तीही केली. शेकडो बदललेल्या ओळींत एक चुकीचं वजाचिन्ह लपलं. ते सापडेपर्यंत तीन आठवड्यांचे आलेख वाया गेले होते.

म्हणून तुम्ही एवढं करा. फॉरमॅटिंगचं कमिट कायम वेगळं ठेवा. अग्रक्रमाबद्दल शंका येईल तिथे जागेवर विसंबू नका, सरळ कंस घाला. तो मशीनलाही कळतो आणि गाइडलाही. आणि मॅट्रिक्स जुळवून ठेवायचं असेल, तर तेवढ्या ओळींपुरतं ब्लॅक बंद करता येतं. ती सोय बिनधास्त वापरा.